बाळंतपणातील टाके आणि पुढच्या बाळंतपणाचा विचार

आपल्या घरांत बाळंतपणाविषयी पुष्कळ बोलले जाते. बाळ कोणाच्या वळणावर गेले, वजन किती भरले, अळिवाची खीर कोणी करायची, बारसे कोठे करायचे, या सर्व गोष्टींची चर्चा बैठकीच्या खोलीत होते. पण बाळंतिणीला टाके का पडले, ते किती खोलवर आहेत, उठताबसता तिला काय सोसावे लागते, याची चर्चा माजघरातसुद्धा होत नाही. "टाके पडायचेच, आम्हालाही पडले होते," असे एखादी वडीलधारी बाई म्हणते आणि विषय तेथेच संपतो.

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत असा विषय यावा काय, अशी शंका काही सभासदांच्या मनात येईल. त्यांच्यासाठी एकच प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी सत्तरीच्या एक आजीबाई नातीला घेऊन दवाखान्यात आल्या. नातीची तपासणी आटोपल्यावर त्या मागे रेंगाळल्या आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, मलाही एक विचारायचं होतं. थोरल्याच्या वेळेपासून मला वायू धरवत नाही. कधी कधी पातळ शौचही." त्यांचा थोरला तेव्हा पन्नाशीला पोहोचला होता. पन्नास वर्षे त्या भजनाला दाराजवळच्या कोपऱ्यात बसत आल्या होत्या, दूरचा प्रवास टाळत आल्या होत्या, आणि घरात मात्र "आजींना माणसांत मिसळायला आवडत नाही" असा समज होता.

या आजींना जे झाले त्याला नाव आहे, त्याची कारणे ठाऊक आहेत आणि त्यावर उपायही आहेत. ते वेळेवर होण्यासाठी दोन गोष्टी हव्यात: जखम कोणत्या प्रकारची होती याची माहिती, आणि त्रास होत असल्यास तो बोलून दाखवण्याचे धैर्य. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

जखम कोठे होते व तिच्या चार पायऱ्या

योनिमार्ग आणि गुदद्वार यांच्यामध्ये एक लहानसा भाग असतो. आसनांचा अभ्यास करणारे त्याला शिवण म्हणतात. बाळाचे डोके बाहेर येताना हा भाग कमालीचा ताणला जातो आणि पुष्कळदा फाटतो. पहिलटकरणींत तर हे फारच सामान्य आहे. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या माहितीप्रमाणे पहिल्यांदा नैसर्गिक रीतीने बाळंत होणाऱ्या १० पैकी ९ पर्यंत स्त्रियांना थोडीफार तरी जखम होते किंवा छेद द्यावा लागतो. म्हणजे टाके पडणे हा कोणाचा कमीपणा नव्हे.

तथापि सर्व जखमा सारख्या नसतात. वैद्यकशास्त्रात त्यांच्या चार पायऱ्या मानल्या आहेत. पहिल्या पायरीत केवळ कातडी किंवा आतील नाजूक त्वचा फाटते. दुसरीत त्याखालचे स्नायूही फाटतात. कात्रीने मुद्दाम दिलेला छेद साधारणतः याच खोलीचा असतो. तिसऱ्या पायरीत गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूच्या कड्यालाच इजा होते. चौथीत ती इजा गुदाच्या आतील अस्तरापर्यंत पोहोचते. वायू व शौच धरून ठेवण्याचे काम ते कडे करते, म्हणून दुसरी व तिसरी पायरी यांमधील फरक फार महत्त्वाचा आहे.

ब्रिटनमधील आकडे पाहता, पहिल्या नैसर्गिक बाळंतपणात १०० पैकी सुमारे ६ जणींना तिसऱ्या वा चौथ्या पायरीची जखम होते. आधी नैसर्गिक बाळंतपण झालेल्यांत हे प्रमाण २ हून कमी असते. बाळ ४ किलोहून जड असणे, त्याचे तोंड आईच्या पोटाकडे असणे, खांदे अडकणे, शेवटच्या कळा फार लांबणे, चिमटा लावावा लागणे, ही त्याची प्रमुख कारणे होत. आशियाई वंशाच्या स्त्रियांत हे प्रमाण अधिक आढळले आहे. यांपैकी एकही गोष्ट बाळंतिणीच्या हातातली नाही. "तिने नीट जोर केला नाही" असे म्हणून तिच्या पदरी दोष टाकणे केवळ निर्दयपणाचे नव्हे, तर अज्ञानाचेही आहे.

खोल जखम वरून नेहमी दिसत नाही. म्हणून बाळ झाल्यावर डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने गुदद्वारात बोट घालून स्नायूचे कडे शाबूत आहे की नाही हे तपासावे लागते. तिसऱ्या व चौथ्या पायरीची जखम शस्त्रक्रियागृहात, चांगल्या प्रकाशात, पुरेशी भूल देऊन, अनुभवी हाताने शिवली गेली पाहिजे. अशी जखम वेळीच ओळखून नीट शिवल्यास १०० पैकी ६० ते ८० स्त्रियांना वर्षभरानंतर कोणताही त्रास उरत नाही. हा आकडा धीर देणारा आहे, आणि उरलेल्या २० ते ४० जणींकडे दुर्लक्ष करू नये हेही सांगणारा आहे.

पहिले सहा आठवडे

आपल्या समाजात माहेरपणाची जी रीत आहे ती बाळंतिणीला उपकारकच आहे. विश्रांती, ऊन जेवण, वर आईचा हात, याहून अधिक काय हवे? परंतु जुन्या पथ्यांपैकी काही टाक्यांना मानवतात आणि काही मानवत नाहीत. ती निवडून घेतली पाहिजेत.

पहिली गोष्ट शेकाची. बाजेखाली शेगडी ठेवून ओवा व शेपा यांची धुरी देण्याची चाल अनेक घरांत अजून आहे. ताज्या टाक्यांना निखाऱ्याची आच देऊ नये. तेथील कातडी सुजलेली व बधिर असते, चटका बसला तरी लवकर कळत नाही. उलट पहिल्या एकदोन दिवसांत स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटे बाहेरून धरल्यास ठणका उतरतो. गार लागून बाळंतिणीला वात होईल, ही भीती मनातून काढून टाकावी. पुढे कोमट पाण्याच्या टबात किंवा पसरट घमेल्यात थोडा वेळ बसल्यानेही बरे वाटते. पाण्यात मीठ अथवा जंतुनाशक घालण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. लघवी-शौचानंतर पाण्याने धुताना हात पुढून मागे न्यावा आणि मऊ फडक्याने टिपून जागा कोरडी करावी. घड्या वारंवार बदलाव्यात, बदलण्यापूर्वी व नंतर हात साबणाने धुवावेत. हळद, तेल, लेप यांपैकी काहीही टाक्यांना लावू नये. टाके बहुधा आपोआप विरघळणाऱ्या धाग्याचे असतात. एखादा तुकडा गळून पडला तर घाबरण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट खाण्यापिण्याची, आणि येथेच आपली सर्वात मोठी चूक होते. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, गुजराती शेजारणीने प्रेमाने आणून दिलेला काटलाचा पाक, वर भरपूर तूप, हे सारे चालते. पण त्यासोबत "बाळंतिणीने पाणी फार पिऊ नये, पालेभाजी नको, फळे नकोत" असा दंडक घातला की शौचास कडक होते. ताज्या टाक्यांवर कडक शौचाचा जोर पडणे यासारखा शत्रू नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला तर पाणी अधिकच लागते. म्हणून पाणी, ताक, वरण, दुधीभोपळा, शिजवलेली पालेभाजी, पपई, भिजवलेल्या मनुका हे तिच्या ताटात असावे. खोल जखम असेल तर डॉक्टर शौच मऊ ठेवणारे पातळ औषध देतात. ते सांगितले तितके दिवस घ्यावे. त्याबरोबर आपल्या मनाने इसबगोल सुरू करू नये. शौचाची भावना झाल्यावर दाबून ठेवू नये. कमोड वापरत असल्यास पायांखाली लहान पाट घेऊन किंचित पुढे वाकावे, म्हणजे कुंथावे लागत नाही.

वेदनाशामक गोळी मागण्यात लाज नाही. अंगावर पाजताना चालणाऱ्या गोळ्या डॉक्टर सांगतात. जी आई दुखण्याने बसू शकत नाही तिला बाळाला नीट घेऊन पाजताही येत नाही. कुशीवर निजून पाजावे. जड बादल्या, भरलेले हंडे उचलू नयेत.

पतिपत्नींच्या सहवासाविषयीही स्पष्ट लिहिणे योग्य होय. जखम भरून येऊन स्त्रीच्या मनाची तयारी होईपर्यंत घाई करू नये. अंगावर पाजण्याच्या काळात तेथे कोरडेपणा येतो व दुखते, त्यावर सोपे उपाय आहेत. दुखणे काही महिन्यांनंतरही राहिले तर डॉक्टरांना सांगावे. पतीने येथे धीर धरणे हीदेखील एक शुश्रूषाच आहे.

ताप येणे, दुखणे कमी होण्याऐवजी वाढत जाणे, घाण वास येणे, टाके उसवणे, रक्तस्राव अचानक वाढणे, लघवी न होणे, वायू वा शौच धरता न येणे, किंवा योनिमार्गातून वायू वा शौच येणे, यांपैकी काहीही दिसल्यास सव्वा महिना संपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

स्नायूंचा व्यायाम

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची जणू एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय व गुद यांना ती खालून आधार देते. बाळंतपणात ती सैल पडते. योगाभ्यासात मूलबंध व अश्विनी मुद्रा यांत या भागाचे आकुंचन सांगितले आहे. अमेरिकेतील डॉ. आर्नॉल्ड केगेल यांनी १९४८ साली बाळंत स्त्रियांसाठी या स्नायूंच्या व्यायामाची पद्धत मांडली, तीच आज जगभर शिकवली जाते.

कृती सोपी आहे. वायू अडवताना आणि लघवी थोपवताना जे स्नायू आपण आवळतो तेच आत व वर खेचावेत. श्वास कोंडू नये, पोट व मांड्या ताठ करू नयेत. सुरुवातीला तीनचार अंकांपर्यंत धरावे, हळूहळू दहापर्यंत न्यावे, आणि प्रत्येक वेळी तितकाच वेळ सैल सोडावे. असे निदान आठ वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने करावे. प्रत्यक्ष लघवी करताना ती मध्येच थांबवून मात्र सराव करू नये. बाळाला पाजायला बसले की एक आवर्तन, असा नेम धरला तर विसर पडत नाही. दुखणे ओसरले की हा व्यायाम सुरू करण्यास हरकत नसते. खोल जखम असल्यास भौतिकोपचारतज्ज्ञाकडून तो एकदा शिकून घ्यावा.

तिसऱ्या वा चौथ्या पायरीची जखम झालेल्या प्रत्येक स्त्रीने ६ ते १२ आठवड्यांच्या दरम्यान डॉक्टरांना पुन्हा दाखवावे. त्या भेटीत विचारण्याची वाट न पाहता स्वतःच सांगावे: वायू धरता येतो काय, शौचाची भावना झाल्यावर किती वेळ थांबता येते, कपड्यांना डाग लागतो काय, दुखते काय.

पुढचे बाळंतपण: तीन जावांचा विचार

"आता पुढच्या वेळी सिझेरियनच करायचे ना?" हा प्रश्न टाके पडलेली प्रत्येकजण विचारते. सर्वांना लागू पडेल असे एक उत्तर नाही. जखम कोणत्या पायरीची होती, आज त्रास काय आहे, आणि तपासणीत काय दिसते, या तीन प्रश्नांवर ते अवलंबून असते. कल्पनेसाठी एकाच घरातील तीन जावा घेऊ.

थोरलीला दुसऱ्या पायरीची जखम झाली होती. टाके भरले, आता काही तक्रार नाही. तिला केवळ या कारणासाठी सिझेरियनची आवश्यकता नाही. पुन्हा टाके पडले तरी खोल जखमेची शक्यता कमीच असते.

मधलीला तिसऱ्या पायरीची जखम झाली होती, परंतु ती उत्तम भरली. वायू-शौचावर तिचा पूर्ण ताबा आहे. अशा १०० स्त्रिया पुन्हा नैसर्गिक रीतीने बाळंत झाल्या तर ५ ते ७ जणींना तशीच खोल जखम पुन्हा होते; म्हणजे ९३ ते ९५ जणींना होत नाही. मात्र असेही आढळले आहे की खोल जखमेनंतर दुसरे नैसर्गिक बाळंतपण झालेल्या १०० पैकी सुमारे १७ जणींत शौचावरील ताब्याची तक्रार नव्याने निर्माण होते वा वाढते. मधलीने हे दोन्ही आकडे समोर ठेवावेत. बाळ फार मोठे नसेल व तपासणीत स्नायूचे कडे धड दिसत असेल तर तिने नैसर्गिक मार्ग निवडणे रास्त आहे. पहिल्या खेपेची धास्ती मनातून जात नसेल तर तीही डॉक्टरांना सांगण्यासारखी गोष्ट आहे. भीती म्हणजे हट्ट नव्हे.

धाकटीलाही तिसऱ्या पायरीचीच जखम झाली होती, पण तिला अजून वायू धरवत नाही आणि शौचासाठी धावावे लागते. मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांत गुदद्वारातून ध्वनिलहरींची तपासणी करून स्नायूत खंड आहे काय हे पाहता येते, आणि दाब मोजून त्याची शक्तीही कळते. ज्या स्त्रीला आज त्रास आहे किंवा जिच्या तपासणीत दोष दिसतो, तिच्यापुढे ठरवून केलेल्या सिझेरियनचा पर्याय ठेवला पाहिजे, असे तज्ज्ञांचे मत आहे. कारण दुसऱ्या ताणाने उरलेली शक्तीही जाण्याचा धोका असतो. ही तपासणी जेथे उपलब्ध नाही तेथे तिची तक्रार आणि हाताने केलेली काळजीपूर्वक तपासणी यांवरच निर्णय करावा लागतो. म्हणून तिने तक्रार लपवणे अधिकच घातक.

सिझेरियन म्हणजे बिनधोक वाट, असाही समज नसावा. तीही पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होणे हे धोके तिच्यात असतात, बरे होण्यास अधिक काळ लागतो, आणि त्यापुढील गर्भारपणात वार खाली बसण्याची किंवा जुन्या व्रणात रुतण्याची शक्यता वाढते. ३९ आठवड्यांपूर्वी केल्यास बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा संभव अधिक असतो. शिवाय जो त्रास आधीच आहे तो सिझेरियनने बरा होत नाही. तो वाढू नये एवढाच तिचा हेतू. आणखी किती मुले हवीत, हा विचारही या निर्णयात येतो. दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर असणे सर्वच दृष्टींनी हितकर. पहिल्या प्रसूतीनंतर निदान दोन वर्षे जाऊ द्यावीत व मगच पुढील गर्भाचा विचार करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

नैसर्गिक मार्ग ठरला तर खोल जखम टाळण्यासाठी काही गोष्टी करता येतात. डोके दिसू लागल्यावर शिवणीवर कोमट पाण्याच्या फडक्याचा शेक, परिचारिकेने शिवणीला हाताचा आधार देणे, आणि शेवटच्या क्षणी जोर न करता लहान लहान श्वास घेत डोके सावकाश येऊ देणे. प्रत्येकीला सरसकट छेद देण्याची जुनी पद्धत योग्य नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितले आहे. छेद द्यावाच लागला तर तो सरळ खाली न देता बाजूला तिरका द्यावा लागतो. हे सर्व सातव्या-आठव्या महिन्यातच डॉक्टरांशी बोलून घ्यावे, कळा सुरू झाल्यावर नव्हे.

एक कागद जपून ठेवा

या सर्व विचाराचा पाया एका कागदावर आहे. रुग्णालयातून घरी येताना मिळणाऱ्या पत्रकात जखमेची पायरी, कोणत्या स्नायूला इजा झाली व ती कशी शिवली हे लिहिलेले असावे. नसल्यास विनयाने पण निश्चयाने लिहून मागावे. आपण मुलाची पत्रिका पिढ्यानपिढ्या जपतो. आईचा हा कागद त्याच पेटीत ठेवावा. बदलीमुळे, विवाहामुळे आपली कुटुंबे बडोदे, इंदूर, हैदराबाद अशी फिरतात. पहिले बाळंतपण माहेरी एका गावी व दुसरे सासरी दुसऱ्या गावी होते. तेथील डॉक्टरांना पहिल्या वेळी काय घडले हे त्या कागदावाचून कसे कळावे?

आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे बाळ दहा दिवसांतच गेले. पुढे त्या अमेरिकेत शिकून १८८६ साली डॉक्टर झाल्या. लाजेपायी स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे उघड करीत नाहीत, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यांनी जाण्यापूर्वीच बोलून दाखवले होते. आज स्त्री डॉक्टरांची उणीव पूर्वीसारखी राहिलेली नाही, पण लाज मात्र पुष्कळ घरांत तशीच आहे.

लेखाच्या आरंभी ज्या आजीबाईंची हकीकत सांगितली, त्यांना व्यायाम, आहारातील बदल व थोडे औषध यांनी त्या वयातही बराच आराम पडला. पुढल्या खेपेस आल्या तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, "आता भजनाला पुढे बसते." जे पन्नास वर्षांनी झाले ते सहा आठवड्यांत होऊ शकले असते. आपल्या घरातील एखादी बाळंतीण आज मागच्या कोपऱ्यात बसत असेल, तर तिला जवळ बसवून एवढेच विचारा, "तुझे टाके कसे आहेत ग?" आणि तिचे उत्तर पूर्ण ऐका.